बर्लिनची भिंत, लिग्नाइटचा धूर आणि मुलांचा दमा

१/ ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री बर्लिनची भिंत खुली झाली आणि ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन जर्मनी एक झाले. या घटनेचे राजकीय परिणाम सर्वज्ञात आहेत. मात्र त्याच घटनेने बालदम्याविषयीच्या एका दृढ समजुतीलाही तडा दिला. मुलांचा श्वास आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याचा हा इतिहास आहे.

२/ १९४९ पासून जर्मनीत दोन राज्ये नांदत होती. लोक एकाच वंशाचे, भाषा एक, चालीरीतीही बऱ्याच अंशी सारख्या. परंतु कारखाने, घरे, पाळणाघरे आणि रस्ते यांची घडण निराळी. माणसांना चाळीस वर्षे अशा दोन परिसरांत विभागून ठेवणे कोणत्याही शास्त्रज्ञाला शक्य नव्हते. ते काम राजकारणाने केले होते.

३/ पूर्व जर्मनीची ऊर्जा प्रामुख्याने लिग्नाइटवर, म्हणजे तपकिरी कोळशावर अवलंबून होती. हा कोळसा कमी उष्णता देतो आणि जळताना पुष्कळ सल्फर डायऑक्साइड व काजळी सोडतो. लाइपझिग, हाले आणि बिटरफेल्ड या पट्ट्यात वीजकेंद्रे आणि रासायनिक कारखाने तर होतेच. घराघरांतील शेगड्यांतही हाच कोळसा जळत असे.

४/ राजवटीला ही हवा किती घातक आहे याची कल्पना होती. म्हणूनच १९८२ मध्ये पर्यावरणविषयक आकडेवारी गोपनीय ठरविण्यात आली. १९८८ मध्ये काही कार्यकर्त्यांनी बिटरफेल्डची दुर्दशा चोरून चित्रित केली आणि ती दृश्ये पश्चिम जर्मन दूरचित्रवाणीवर झळकली. आपली मुले कोणत्या हवेत श्वास घेतात, हे आईबापांना परक्या देशाच्या पडद्यावरून समजत होते.

५/ भिंत पडल्यावर म्युनिकच्या बालरोगतज्ज्ञ एरिका फॉन मुटियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक दुर्मीळ संधी लाभली. दोन्ही बाजूंच्या मुलांची तपासणी आता एकाच पद्धतीने करता येणार होती. अपेक्षा सरळ होती : जिथे धूर अधिक, तिथे दमाही अधिक.

६/ ९ ते ११ वर्षे वयाची मुले निवडण्यात आली; म्युनिकमधील ५,०३० आणि लाइपझिग व हाले येथील २,६२३. पालकांना प्रश्नावली देण्यात आली. त्याखेरीज त्वचेवर ॲलर्जीची चाचणी झाली आणि थंड हवा श्वासात घेतल्यावर श्वासनलिका कितपत आकुंचन पावतात, हेही मोजण्यात आले. त्यामुळे केवळ डॉक्टरांनी लिहिलेल्या रोगाच्या नावावर विसंबण्याची गरज उरली नाही.

७/ ब्राँकायटिसच्या बाबतीत अपेक्षा खरी ठरली. १९९२ च्या अहवालानुसार लाइपझिगमधील ३०.९ टक्के मुलांना तो कधी ना कधी झाला होता. म्युनिकमध्ये हे प्रमाण १५.९ टक्के होते. दम्याचे आकडे मात्र उलटे निघाले. १९९४ च्या विस्तृत अहवालात दमा पूर्वेकडे ३.९ टक्के, तर पश्चिमेकडे ५.९ टक्के मुलांत आढळला. त्वचाचाचणीत ॲलर्जीची प्रवृत्ती पूर्वेकडे १८.२ आणि पश्चिमेकडे ३६.७ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट होती.

८/ चाळीस वर्षांत आनुवंशिकता बदलत नाही. तेव्हा हा फरक परिसराचाच असला पाहिजे. पण धूर हा मुलांचा रक्षक असणे संभवत नव्हते. मग पूर्वेकडे असे काय होते, जे समृद्ध म्युनिकजवळ नव्हते?

९/ एक धागा ब्रिटनमधून मिळाला. भिंत पडल्यानंतर नवव्या दिवशी, १८ नोव्हेंबर १९८९ रोजी, डेव्हिड स्ट्रॅचन यांचा छोटासा निबंध प्रसिद्ध झाला. मार्च १९५८ मध्ये जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांच्या नोंदींत त्यांना दिसले, की ज्यांना मोठी भावंडे अधिक, त्यांना परागकणांची ॲलर्जी कमी. भावंडांकडून लहानपणीच होणारे संसर्ग प्रतिकारशक्तीला वळण लावत असावेत, असा त्यांचा तर्क होता. हाच पुढे ‘स्वच्छता-गृहीतक’ म्हणून ओळखला गेला.

१०/ पूर्व जर्मनीत स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरी करीत आणि पुष्कळ मुले पहिल्या वर्षीच सरकारी पाळणाघरात जात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की लहान कुटुंबांतील जी मुले ६ ते ११ महिन्यांची असताना पाळणाघरात गेली, त्यांना उशिरा जाणाऱ्या मुलांपेक्षा ॲलर्जी कमी होती. घरात भावंडे नसलेल्यांना सर्दी-खोकल्याची देवघेव पाळणाघरात घडत होती.

११/ १९९५-९६ मध्ये लाइपझिगच्या मुलांची पुन्हा तपासणी झाली. परागज्वर २.३ वरून ५.१ टक्क्यांवर आणि ॲलर्जीची प्रवृत्ती १९.३ वरून २६.७ टक्क्यांवर गेली होती. दम्यात मात्र लक्षणीय वाढ नव्हती. ही मुले भिंत पडण्याच्या सुमारे तीन वर्षे आधी जन्मलेली होती. दम्याचा पाया अगदी पहिल्या वर्षांत घातला जातो आणि ॲलर्जीवर नंतरचे राहणीमानही प्रभाव टाकते, असा अर्थ संशोधकांनी लावला.

१२/ दुसरा धागा गोठ्यात सापडला. १८७३ मध्येच मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली यांनी नोंदविले होते, की परागकणांत वावरणाऱ्या शेतकऱ्यांना परागज्वर क्वचितच होतो. २००१ मध्ये ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या ग्रामीण भागातील अभ्यासाने त्याला पुष्टी दिली. पहिल्या वर्षापासून गोठ्याशी व शेतावरच्या दुधाशी संबंध आलेल्या मुलांत दमा १ टक्का होता. तोच संबंध १ ते ५ वर्षांच्या दरम्यान आलेल्यांत ११ टक्के.

१३/ २०१६ मध्ये अमेरिकेतील आमिश आणि हटराइट समाजांची तुलना प्रसिद्ध झाली. दोघांचे पूर्वज मध्य युरोपातील, राहणी साधी, आनुवंशिकता बरीच जवळची. परंतु आमिशांची शेती पारंपरिक, घोड्यांवर चालणारी आणि गोठा घरालगत. हटराइटांची शेती यांत्रिक आणि वस्तीपासून दूर. शाळकरी मुलांतील दमा अनुक्रमे ५.२ आणि २१.३ टक्के. आमिश घरांतील धूळ उंदरांना हुंगविली असता त्यांच्या श्वासनलिकांचे ॲलर्जीपासून रक्षण झाले. हटराइट घरांतील धुळीने तसे झाले नाही.

१४/ यावरून ‘घाण बरी’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. गोठ्यातील जंतूंचे अवशेष आणि चिमणीतील काजळी या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. लाइपझिगच्या मुलांना दमा कमी होता तो धुरामुळे नव्हे, तर धूर असूनही. त्या धुराची किंमत त्यांच्या फुप्फुसांनी ब्राँकायटिसच्या रूपाने मोजलीच. शिवाय ज्या मुलाला दमा जडला आहे, त्याच्यासाठी दूषित हवा प्राणघातक ठरू शकते.

१५/ याचा पुरावा लंडनमध्ये आहे. आग्नेय लंडनमधील वर्दळीच्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणाऱ्या नऊ वर्षांच्या एला अडू-किसी-डेब्रा हिचा फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने मृत्यू झाला. तिच्या आईने अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्या चौकशीत वायुप्रदूषण हे तिच्या मृत्यूचे एक कारण असल्याचे मान्य झाले. मृत्यूच्या नोंदीत असे कारण येण्याची ब्रिटनमधील ही पहिलीच वेळ होती.

१६/ त्या निर्णयात आणखी एक नोंद आहे. प्रदूषणाचा दम्यावर होणारा परिणाम एलाच्या आईला कोणी सांगितलाच नव्हता. सांगितला असता, तर तिने असे उपाय केले असते ज्यांमुळे कदाचित हा मृत्यू टळला असता. पूर्व जर्मनीत हवेचे आकडे कुलूपबंद होते. लंडनमध्ये ते मोजले जात होते, जाहीरही होते. परंतु ज्या घरात त्यांची गरज होती, तिथे ते पोहोचले नाहीत.