सिन्न-ए-यास आणि भांगेचे पान

मागच्या पावसाळ्यात एका दुपारी आमच्या खाला घरी आल्या आणि पदराआडून एक लहानशी बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. "बेटा, तू पढीलिखी है, जरा देख इसमें क्या है?" बाटलीवर 'विजया' असे लिहिले होते. खालांचे वय बावन्न. सारे आयुष्य तेंदूपत्त्याच्या बिड्या वळण्यात गेले. दोन वर्षांपासून रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने उशी भिजते, झोप उडते. कुणीतरी फोनवरून हे तेल मागवून दिले होते. विजया म्हणजे भांग, असे मी सांगताच त्यांनी "तौबा!" म्हणून हात मागे घेतला. पण जाताना हळूच विचारले, "पुराने जमाने में हकीम देते थे ना?"

मी हकीम नाही, आलिमही नाही. उर्दू शाळेत इतिहास शिकवते. म्हणून त्यांच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच शोधले.

होय, हकीम देत असत. युनानी ग्रंथांत हिला 'किन्नब' म्हणतात. तेराव्या शतकातील इब्न अल-बैतार यांनी इजिप्तमधील हिंदी भांगेचे वर्णन केले. अठराव्या शतकात हिंदुस्थानात लिहिल्या गेलेल्या 'मखजन-उल-अदविया' या फारसी ग्रंथात तिचे गुण आणि दोष दोन्ही नोंदलेले आहेत. १८३९ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजातील डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी भांगेवर प्रसिद्ध निबंध सादर केला, तेव्हा ही जुनी माहिती मिळवण्यासाठी त्यांनी पंडित कमलाकांत विद्यालंकार आणि हुगळीच्या इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली यांची मदत घेतली होती. पंडित आणि मुतवल्ली यांच्या ज्ञानातून हे औषध विलायतेला गेले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठे येत नाही.

विलायतेत ते स्त्रियांच्या दुखण्यापर्यंत पोहोचले. १८८३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जॉन ब्राउन आणि रॉबर्ट बॅथो या डॉक्टरांनी पाळीतील अतिरक्तस्रावावर भांगेच्या अर्काची शिफारस केली. १८८९ मध्ये बोस्टनच्या डॉ. फार्लो यांनी पाळी जाण्याच्या वयातील वाफा आणि बेचैनी यांवर तिचा उपयोग लिहिला. म्हणजे खालांचे दुखणे तेव्हाही होते आणि त्यावर हे पानही होते. पण ते अनुभव एकेका डॉक्टरचे होते. आजच्या सारखी काटेकोर तुलना करून पाहण्याची रीत तेव्हा नव्हती. अर्काचा जोरही सारखा नसे; एका बाटलीने गुण येई, तर दुसरीने डोके फिरे. १९३२ मध्ये ब्रिटिश औषधकोशातून भांग वगळली गेली.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी तो भंडारा जिल्ह्याचा भाग होता आणि इंग्रजी अमलात भंडारा मध्य प्रांतात होता. या प्रांतात गांजाच्या लागवडीला परवानगी होती ती फक्त निमाड जिल्ह्यातील खांडव्याकडे. तिथला माल सरकारी देखरेखीखाली परवानाधारक दुकानांत जाई आणि सरकारला महसूल मिळे. १८९३ मध्ये सरकारने हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले. त्याने देशभर फिरून १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. माफक सेवनाने फारसे नुकसान नाही, अतिसेवन घातक, सरसकट बंदी नको, असा त्याचा निष्कर्ष होता. वैद्य-हकीम ती औषधात वापरतात, हेही त्यात नोंदले आहे. पण कमिशनचा मुख्य शोध होता तो वेडेपणाचा, गुन्ह्यांचा आणि महसुलाचा. पन्नाशीच्या बाईला रात्री झोप का येत नाही, हा सरकारचा प्रश्नच नव्हता.

पुढे कायदे आले. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा आणि चरस निषिद्ध ठरले. नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर राहिल्या. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली भांगही येते. आयुर्वेदिक-युनानी औषधांच्या नियमांत तिची गणना विषारी द्रव्यांत असून ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने तिला सर्वांत कडक यादीतून काढले, तेव्हा भारताने बाजूने मत दिले.

मग फायदा होतो का? २०२२ मध्ये अमेरिकेत २५८ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. भांग वापरणाऱ्या बऱ्याच जणींनी झोप आणि मनाची घालमेल ही कारणे सांगितली. पण स्त्रिया वापरतात म्हणजे गुण येतोच असे नाही. २०२३ मध्ये तिथल्याच मेनोपॉज सोसायटीने, पुरेसा पुरावा नसल्यामुळे, वाफांसाठी भांगेच्या औषधांची शिफारस केली नाही. उतारवयात तर धोके वाढतात. चक्कर येऊन पडले की हाड मोडते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्यांशी मेळ बसत नाही.

आपल्या उर्दूत या वयाला 'सिन्न-ए-यास' म्हणतात. यास म्हणजे निराशा. सूरह तलाकच्या चौथ्या आयतीत हा शब्द आला आहे तो पाळी येण्याची आशा न राहिलेल्या स्त्रियांच्या इद्दतीसंबंधी. तिथे आशा सुटते ती फक्त पाळीची. आपण मात्र ती आयुष्याचीच निराशा करून टाकली. बाळंतपणासाठी गोंदियाच्या बाई गंगाबाई रुग्णालयाची पायरी चढणारी बाई पन्नाशीत त्याच दाराशी जायला लाजते. "उमर का तकाजा है," असे म्हणून गप्प बसते, किंवा चोरून बाटली मागवते. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त गेले, तर ते तातडीने दाखवायचे असते, हे तिला कोण सांगणार?

खालांना मी एवढेच सांगितले: हकीम देत होते, हे खरे, पण नाडी पाहून, माणूस पाहून देत होते. ही बाटली तुम्हाला न पाहता आली आहे. जायज-नाजायज आलिमांना विचारू, पण आधी डॉक्टरीणबाईंना विचारू.

खाला बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तू साथ चलेगी?"

पुढच्या सोमवारी आम्ही दोघी गेलो. बाटली पिशवीतच होती, डॉक्टरीणबाईंना दाखवण्यासाठी.