‘बाटणे’ आणि ‘निर्णय घेणे’ : ख्रिस्ती नीतिविचाराच्या मराठी इतिहासातील एक प्रश्न

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात, नगरहून पाथर्डीस जाणाऱ्या रस्त्यावर तिसगाव हे बाजाराचे गाव आहे. कानिफनाथांच्या समाधीमुळे प्रसिद्धी पावलेली मढी तेथून जवळच आहे. काही वर्षांपूर्वी बोलीच्या नोंदी घेण्याच्या निमित्ताने प्रस्तुत लेखक तेथे गेला असता एका विद्यार्थिनीने त्यास एक प्रश्न विचारला. ती म्हणाली, “सर, आमच्या पणजोबांविषयी गावात ‘बाटले’ असे म्हणतात, आणि घरी ‘विश्वासात आले’ असे म्हणतात. यांतले खरे कोणते?” त्या वेळी दिलेले उत्तर आज लेखकास पुरेसे वाटत नाही. प्रस्तुत निबंध हा त्या उत्तराची दुरुस्ती करण्याचा प्रयत्न होय.

प्रश्न वरवर पाहता शब्दांचा आहे. परंतु थोडा विचार केल्यास तो नीतिशास्त्राचा आहे असे दिसून येईल. ‘तो बाटला’ या वाक्यात ‘तो’ हा कर्ता खरा, परंतु क्रियापद अकर्मक असून क्रिया त्याच्या ठायी घडली एवढेच ते सांगते. दूध नासले, कापड विटले, तसा तो बाटला. ‘त्याला बाटवले’ या प्रयोजक रूपात कर्तृत्व आहे. पण ते दुसऱ्याचे, म्हणजे मिशनऱ्याचे. या दोन्ही वाक्यांत ज्याच्या आयुष्याची गोष्ट चालली आहे त्याच्याकडे इच्छा किंवा विचार यांपैकी काहीही शिल्लक राहत नाही. ‘विश्वासात आला’ हे रूप गौरवाचे आहे. तथापि तेही निर्णयाच्या घटकेविषयी मौनच पाळते. ‘त्याने बाप्तिस्मा घेतला’ या वाक्यात मात्र तृतीयेचा ‘ने’ येतो आणि माणूस आपल्या कृतीचा कर्ता म्हणून उभा राहतो. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्मावरून जे वाद झाले त्यांतील बराचसा भाग, आमच्या मते, या ‘ने’ प्रत्ययाविषयीचा वाद होता.

‘निर्णय’ या शब्दाचा इतिहासही येथे लक्षात घेतला पाहिजे. जुन्या व्यवहारात निर्णय हा न्यायसभेने किंवा शास्त्राने द्यावयाचा असे. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ (१६१२) हा व्रते, तिथी, संस्कार यांविषयीच्या शंकांचा उलगडा करणारा ग्रंथ. त्यात व्यक्तीने आपल्या मनाशी काय ठरवावे हा प्रश्नच उद्भवत नाही. व्यक्ती ‘निश्चय’ करी, ‘संकल्प’ करी. ‘निर्णय’ तिला मिळे. आज विद्यार्थी सहजपणे ‘मी निर्णय घेतला’ असे म्हणतो, तेव्हा सभेचा अधिकार त्याने स्वतःकडे घेतलेला असतो, याची त्यास कल्पनाही नसते.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने या बदलास काही शब्द पुरविले. विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली नवा करार मराठीत १८११ मध्ये श्रीरामपूर येथे छापला गेला. अमेरिकन मिशनने मुंबईत केलेले भाषांतर १८२६ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि पंडिता रमाबाईंनी साध्या माणसांस कळावे या हेतूने केलेले संपूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये बाहेर आले. या सर्व भाषांतरकारांपुढे ‘सुनैदेसिस’ या ग्रीक शब्दाची अडचण होती. त्याचा अवयवार्थ ‘सह-ज्ञान’ असा आहे: आपण जे केले त्याचे आपल्याच मनात कोणीतरी साक्षी असणे. मराठीत त्यासाठी ‘विवेक’ या शब्दाचा आधार घेण्यात आला. परंतु ‘विवेक’ हा ‘वि’ उपसर्गपूर्वक ‘विच्’ या धातूपासून आलेला, त्याचा मूळ अर्थ निवडणे, वेगळे करणे. ग्रीक शब्दात सोबत आहे, संस्कृत शब्दात फारकत आहे. मराठी ख्रिस्ती मनुष्याच्या नैतिक जीवनात हे दोन्ही अर्थ एकत्र आले, आणि त्याची खरी परीक्षाही तेथेच होती: विवेकाने निवड करावयाची, पण निवडीमुळे तुटणाऱ्यांची सोबत कशी राखावयाची?

या प्रश्नाचे पहिले स्वरूप विद्यार्थ्यांच्या संदर्भात दिसते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाने १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि तो निवड करण्याइतका वयस्क आहे असे मानून त्याच्या इच्छेस मान देण्यात आला. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या आश्रयास होता. परंतु तो अल्पवयीन असल्यामुळे न्यायालयाने त्यास पित्याच्या स्वाधीन केले. त्यानंतर त्यास प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावरून ब्राह्मण समाजात मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकर यांनी त्यास घ्यावे हा पक्ष धरला आणि त्यासाठी स्वजनांचा रोष पत्करला.

या दोन निकालांत विसंगती नाही. ज्याच्या ठायी निवडीची शक्ती परिपक्व झाली नाही, त्याच्याकडून आयुष्यभराची निवड करवून घेणे, ती कितीही उदात्त असो, नीतीस धरून नाही, हे तत्त्व दोहोंच्या मुळाशी आहे. पण आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. वादाच्या धुमाळीत मिशनरी, पिता, न्यायाधीश, शास्त्री हे सर्व बोलले; ज्या मुलाविषयी हे चालले होते, तो सर्वांच्या वाक्यांत कर्मस्थानीच राहिला.

दुसरे स्वरूप पन्नास वर्षांनी पुण्यात दिसते. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू केलेले शारदासदन पुढे पुण्यास आले. काही विधवा विद्यार्थिनी रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, यावरून १८९३ मध्ये गदारोळ झाला आणि रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संस्थेशी असलेला संबंध सोडला. येथे वयाचा प्रश्न मागे पडून प्रभावाचा प्रश्न पुढे आला. जिच्या घरी आपण जेवतो, जिने आपल्याला अक्षर शिकविले, तिच्या श्रद्धेकडे ओढले जाणे हे स्वातंत्र्य की ऋण? रमाबाईंनी बळजोरी केली नव्हती, आणि आपले दारही लावून घेतले नव्हते. आश्रयदाता व आश्रित यांच्या नात्यात ‘मी काहीच सांगितले नाही’ हे म्हणणे खरे असूनही अपुरे असते, हे सल्लागारांच्या आक्षेपात तथ्य होते. आणि प्रौढ स्त्रीला आपल्या मनाचा शोध घेऊ न देणे हाही एक अंमलच आहे, हे रमाबाईंच्या बाजूचे तथ्य होते. याच रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर तेथील धर्मभगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात, आपली विवेकबुद्धी आपण कोणा धर्माधिकाऱ्याच्या हवाली केलेली नाही, अशी भूमिका ठामपणे मांडली होती. तेव्हा त्यांच्या लेखी विवेक हा एकदाच वापरून ठेवून द्यावयाचा पदार्थ नव्हता.

तिसरे स्वरूप नगरचे, आणि ते सर्वांत हृद्य आहे. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले होते आणि त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या निर्णयात लक्ष्मीबाईंना त्यांनी सहभागी करून घेतले नव्हते. ज्या कृतीने एक मनुष्य कर्ता झाला, त्याच कृतीने त्याची पत्नी अकर्मक वाक्यात जाऊन पडली: ती ‘टाकली गेली’. पुढील काही वर्षे त्यांनी नातलगांच्या आश्रयाने काढली. पंढरपूरचा मुक्काम त्यांतलाच.

येथे कायद्याचा विचार उपयुक्त ठरेल. १८६६ च्या कायद्याने असा मार्ग खुला केला होता की, नवख्रिस्ती पतीस किंवा पत्नीस धर्मांतराच्या कारणावरून जोडीदाराने सलग सहा महिने सोडून दिले असल्यास न्यायालयाकडे सहवासाची मागणी करता येई, आणि अवधी देऊनही नकार कायम राहिल्यास विवाह रद्द करवून घेता येई. टिळक त्या मार्गाने गेले नाहीत. दोघे पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी काही काळ आपले सोवळेओवळे त्याच घरात सांभाळले. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे ही जाणीव त्यांना आपल्या पावलांनी झाली, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून भागशः प्रसिद्ध) वाचणाऱ्यास हे जाणवल्यावाचून राहत नाही की, पतीचा निर्णय एका घटकेचा असला तरी पत्नीचा निर्णय पाच वर्षांचा आहे, आणि दुसरा अधिक पूर्ण आहे. पतीच्या अपराधास पत्नीने विनोदबुद्धीने क्षमा केली म्हणून तो अपराध नव्हता असे मात्र होत नाही. टिळकांचे श्रेय ते दुसऱ्या टप्प्यात आहे: त्यांनी थांबणे शिकून घेतले.

तिसगावच्या विद्यार्थिनीच्या पणजोबांची गोष्ट या तिन्हींहून वेगळी आहे. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार व मांग या समाजांतून आलेली आहेत. त्यांचे निर्णय पुष्कळदा भावकीने मिळून झाले. १८७६–७८ आणि १८९९–१९०० या दुष्काळांच्या काळात झालेल्या धर्मांतरांस ‘भाकरीसाठी बाटले’ असे हिणविण्याची रीत पडली. या आक्षेपाचा नैतिक अंगाने विचार केला पाहिजे. उपाशी माणसाचा निर्णय पूर्ण स्वतंत्र नसतो हे खरे; पण मग गावकुसाबाहेर राहून वतनाच्या कामास बांधलेले त्याचे आधीचे जीवन कोणत्या स्वतंत्र निर्णयाने त्याने निवडले होते? आणि दुष्काळ ओसरल्यावरही जे परत फिरले नाहीत, त्यांच्या टिकून राहण्यास भाकरी हे कारण पुरत नाही.

येथे ‘शेजारी’ हा शब्द आठवावा. नव्या करारातील ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ ‘जवळचा’ असा आहे. मराठी भाषांतरात तो ‘शेजारी’ झाला. मराठी गावात शेजार म्हणजे भिंतीला भिंत. गावकुसाबाहेरच्या माणसाला सारे गाव ओळखते, कामास बोलाविते, पण तो कोणाचा शेजारी नसतो. शेजाऱ्यावर प्रीती करावी हा उपदेश अशा गावात उच्चारला गेला तेव्हा तो उपदेश राहिला नाही. ती गावाच्या रचनेची चौकशी झाली. या चौकशीतून ख्रिस्ती मंडळीही सुटली नाही. जातीच्या आठवणी पंगतीत आणि सोयरिकीत शिल्लक राहिल्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता ठरला. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. त्यामुळे पणजोबांच्या विवेकाची किंमत पणतीस दाखल्याच्या रकान्यात मोजावी लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘बाटले’ हे खरे नव्हे, कारण ते माणसाचे कर्तृत्व नाकारते. ‘विश्वासात आले’ हे खरे आहे, पण अर्धे. कारण कोण थांबले, कोण मागे राहिले, कोणास विचारले नाही, हे ते सांगत नाही. वरील प्रकरणांतून जो नीतिविचार हाती लागतो तो कोणत्याही एका धर्माचा मक्ता नाही, आणि तो आजच्या विद्यार्थ्यास मैत्री, विवाह, व्यवसाय या सर्व नात्यांत लागू पडणारा आहे. निवड करणारा निवडीच्या वयाचा असावा. ज्याचा आपल्यावर उपकार आहे त्याला नकार देता आला, तरच त्याला दिलेला होकार आपला. आपल्या निर्णयाने ज्याचे आयुष्य बदलणार आहे त्यास आधी सांगावे. आणि तो आपल्या गतीने आला नाही, तर त्यास सोडू नये, ओढूही नये.

त्या विद्यार्थिनीस आज इतकेच सांगता येईल: पणजोबांनी निर्णय घेतला, असे म्हण. मग पणजीला कोणी विचारले होते का, ते घरी विचार.