परवलीच्या शब्दाचे रक्षण : पोस्टग्रेसक्यूएल प्रणालीतील एक संक्रमण

परवलीचा शब्द पहारेकऱ्याइतकाच जुना आहे. तो जपून ठेवण्याच्या प्रश्नाला मात्र संगणकाच्या युगात निराळे रूप आले. पहारेकरी शब्द मनात ठेवी. संगणकास तो कोठेतरी लिहून ठेवावा लागतो, आणि जे लिहिले जाते ते चोरीस जाऊ शकते. १९७९ साली रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्पसन यांनी युनिक्ससंबंधीच्या निबंधात यावरील उपायाचे विवेचन केले : मूळ शब्द न ठेवता त्याचा एकमार्गी गणिती ठसा ठेवावा, व त्यात प्रत्येक वेळी निराळे ‘मीठ’ मिसळावे. हे तत्त्व जाळ्यावरून चालणाऱ्या डेटाबेसमध्ये पुरतेपणी उतरण्यास विलंब का लागला, याचा विचार पोस्टग्रेसक्यूएलच्या आधारे येथे करावयाचा आहे.

बर्कली विद्यापीठात १९८६ मध्ये आरंभ झालेल्या या प्रणालीत पुष्कळ काळ परवलीचे शब्द उघड्या अक्षरांत साठविले जाऊ शकत. २००२ च्या ७.२ आवृत्तीत ‘एमडी ५’ पद्धती आली. शब्दास वापरकर्त्याचे नाव जोडून त्याचा ठसा साठवावयाचा, आणि प्रवेशाच्या वेळी सर्व्हरने पाठविलेले चार बाइटांचे मीठ त्यात मिसळून उत्तर घ्यावयाचे, अशी तिची रीत. तारेवरून मूळ शब्द जात नसे, हा लाभ खराच.

परंतु दोष मुळातच होता. उत्तर तयार करण्यास मूळ शब्दाची गरज नसून साठविलेला ठसाच पुरेसा होता. म्हणजे ज्याच्या हाती ठशांची यादी पडली त्याच्या हाती किल्ल्याच पडल्या. शिवाय नाव हेच मीठ असल्याने एकच नाव व एकच शब्द असता सर्वत्र एकच ठसा उमटे; आणि नाव बदलल्यास परवलीचा शब्द निरुपयोगी ठरे. २००४ मध्ये शाओयुन वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी ५ मधील टकरी दाखवून दिल्या, त्यामुळे या गणिताची प्रतिष्ठा गेली. तथापि डेटाबेसच्या दृष्टीने खरा धोका टकरींचा नसून, ठसा अतिशय जलद काढता येत असल्याने अंदाजाने शब्द शोधणे सोपे होते, हा होता.

२०१७ च्या दहाव्या आवृत्तीत मिकाएल पाकिए, हेइक्की लिन्नाकांगास प्रभृतींच्या परिश्रमांतून ‘स्क्रॅम’ पद्धती आली. २०१० व २०१५ साली प्रसिद्ध झालेली इंटरनेटची प्रस्तावित मानके हा तिचा पाया. प्रत्येक शब्दास स्वतंत्र मीठ, गणिताची ४०९६ आवर्तने, आणि साठविलेल्या नोंदीवरून थेट प्रवेश अशक्य, ही तिची वैशिष्ट्ये होत. सर्व्हरलाही आपली ओळख पटवून द्यावी लागते, हे विशेष.

तरीही एमडी ५ लगेच लोपली नाही. कारण मागे जुना ठसाच उरला होता आणि ठशावरून शब्द परत मिळत नाही. म्हणून जुन्या नोंदींचे आपोआप रूपांतर अशक्य होते. प्रत्येक वापरकर्त्याचा शब्द पुन्हा नोंदविणे व जोडणी करणारे प्रत्येक सॉफ्टवेअर अद्ययावत करणे भाग होते. जी गुप्तता रक्षणासाठी योजिली, तीच सुधारणेस आड आली! यावर कर्त्यांनी सोय केली ती अशी : नियम एमडी ५ चा असला तरी नोंद स्क्रॅमची असल्यास स्क्रॅमच वापरला जावा. २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीत स्क्रॅम हा नेहमीचा पर्याय झाला, आणि २०२५ च्या अठराव्या आवृत्तीत एमडी ५ त्याज्य म्हणून घोषित झाली.

यावरून असे दिसते की, सुरक्षिततेच्या इतिहासात शोधाचे वर्ष व स्वीकाराचे वर्ष यांतील अंतर हाच अभ्यासाचा खरा विषय होय. गणित लवकर सिद्ध होते. अनेकांनी एकाच वेळी कुलूप बदलण्यास तयार होणे मात्र संथ गतीने घडते, आणि त्या मधल्या काळातच चोरांस संधी मिळते.