‘क्लास’ : एका शब्दाची उतरंड

माझा बाप तालुक्याच्या एका कचेरीत शिपाई. शाळेत कुणी विचारले की मी सांगायचो, ‘क्लास फोर’. कागदावर तोवर ‘गट ड’ आला होता, लोकांच्या तोंडी मात्र जुनाच शब्द. पुढे मला पदवीला फर्स्ट क्लास मिळाला. चौथ्या क्लासच्या माणसाचा पोरगा पहिल्या क्लासात गेला, म्हणून बापाने पेढे वाटले. प्राध्यापक झाल्यावर एक सहकारी म्हणाले, ‘तुमच्या दलित कवितेत वेदना आहे हो, पण क्लास नाही.’ तेव्हापासून या शब्दाचा पिच्छा पुरवतो आहे.

मूळ शब्द लॅटिन, ‘क्लासिस’. परंपरेनुसार इ.स.पूर्व सहाव्या शतकात सर्व्हियस टुलियस राजाने रोमच्या नागरिकांची मालमत्तेवरून पाच वर्गांत विभागणी केली. मतदानाचे एकूण गट १९३. घोडदळाचे १८ आणि पहिल्या वर्गाचे ८० एक झाले की बहुमत पुरे. खालच्यांची पाळीच येत नसे. ज्यांची मालमत्ता म्हणजे फक्त पोरेबाळे, ते ‘प्रोलेटारी’. त्या सगळ्यांचा मिळून गट एक. मार्क्सवाद्यांचा ‘प्रोलेटारिएट’ इथलाच.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियसने हीच उतरंड ग्रंथांना लावली. प्रमाण मानावा असा लेखक तो ‘क्लासिकस’, पहिल्या वर्गातला, ‘प्रोलेटारियस’ नव्हे. म्हणजे ‘क्लासिक’ हा शब्द सौंदर्यशास्त्रात जन्मला नाही. तो मालमत्तेच्या नोंदवहीतून साहित्यात आला.

इंग्रजीत सतराव्या शतकात तो विद्यार्थ्यांच्या तुकडीसाठी रुळला. समाजातल्या थरांसाठी तो पक्का झाला साधारण १७७० ते १८४० या काळात, कारखानदारीबरोबर. त्याआधी ‘रँक’, ‘ऑर्डर’ हे शब्द होते; माणूस जन्मतःच त्यांत बसलेला असे. ‘क्लास’मध्ये निदान चढण्या-उतरण्याची शक्यता होती.

हा शब्द आपल्याकडे आला आणि त्याच्या पोटात जात लपली. १९०६ साली महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ काढले. सरकारदरबारीही आपण ‘डिप्रेस्ड क्लासेस’च. या नावात दबलेला दिसतो, दाबणारा दिसत नाही. विटाळ पाळणारे गाव नाही, बंद केलेला पाणवठा नाही. आहे फक्त एक खचलेला ‘वर्ग’. बाबासाहेबांना हे खुपत होते. गोलमेज परिषदेच्या काळात, १९३१ च्या पुरवणी निवेदनात, त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी हे नाव बदलण्याची मागणी केली.

त्याच्या पंधरा वर्षे आधी, १९१६ साली, कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात बाबासाहेबांनी या दोन शब्दांचे नाते उलगडले होते. जात म्हणजे बंदिस्त केलेला वर्ग, हा त्यांचा सिद्धांत. दार उघडे असेल तर वर्ग. बेटीबंदीने कडी घातली की जात. राज्यघटनेच्या ३४० व्या कलमात पुन्हा ‘क्लासेस’ आला, मागास वर्ग म्हणून. मग ‘वर्ग म्हणजे जात नव्हे’ असा युक्तिवाद चाळीस वर्षे चालला. मंडल प्रकरणी १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जात हाही सामाजिक वर्ग असू शकतो. एका शब्दाच्या अर्थावर लाखो पोरांच्या नोकऱ्या अडल्या होत्या. शब्दांची चर्चा ही रिकामपणची चर्चा नसते, ती अशी.

आता मराठीकडे पाहू. ‘वर्ग’ शाळेत आहे, गणितात आहे, बँकेत पैसे ‘वर्ग’ होतात. पण ‘क्लासिकल’ला आपण शब्द योजला ‘अभिजात’. म्हणजे काय? चांगल्या कुळात जन्मलेला. रोमन माणसाने लेखकाची मालमत्ता पाहिली, आपण त्याचे कूळ पाहिले. क्लासचे भाषांतर करताना नकळत जात आली! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मलाही आनंद झाला. भाषा माझ्या आईचीही आहे. पण जिच्या जात्यावरच्या ओव्या कुणी अभिजात मानल्या नाहीत, ती माझी आई या शब्दात कुठे बसते, हा प्रश्न मी सोडणार नाही.

परवा विद्यार्थ्यांना सांगितले, ‘क्लास’चे माहीत असतील तेवढे अर्थ लिहा. कुणी तुकडी लिहिले, कुणी दर्जा, कुणी रेल्वेचा डबा. मागच्या बाकावरच्या एका मुलीने लिहिले : ‘बारावीला सगळ्यांनी लावला होता आणि आम्हाला परवडला नाही, तो.’

शिकवणीचा हा अर्थ मी विसरलोच होतो. रोमच्या नोंदवहीला तो सर्वांत जवळचा आहे. त्या सहकाऱ्यांना आता मी एवढेच विचारतो, क्लास नाही म्हणता, तर कुठला?