गोळी आली कुठून?

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा अमेरिकेहून महिनाभर येऊन राहिला होता. एके संध्याकाळी गच्चीवर बसलो असता त्याने आपल्या फोनवर मला एक चित्रफीत दाखविली. समोर डोंगराचा उघडा उतार आणि त्यावर चरत असलेला एल्क जातीचा एक नर. आपल्या सांबराच्या कुळातला, पण अंगाने आणखी भरलेला. शिकारी कोठे दिसत नव्हता. त्याच्या सोबत्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. त्याने अंतर सांगितले : नऊशे ऐंशी यार्ड. बार झाला. मी मनात 'एक' म्हटले, 'दोन' म्हणू लागलो, तेव्हा कुठे ते जनावर गुडघ्यांवर आले.

"मामा, पाहिलंत? जवळजवळ एक किलोमीटर!" भाचा म्हणाला. "हल्ली अंतर मोजायला यंत्र, वारा मोजायला यंत्र, आणि बाकीचा हिशेब फोन करतो. काडतुसाचं नाव तर तिकडे पोरासोरांना ठाऊक आहे. सिक्स फाइव्ह क्रीडमोर."

मी नेमाचे कौतुक केले. ते करायलाच हवे होते. पण मला आठवण झाली ती माझ्या वडिलांची. परवाना काढून शिकार करता येत असे, त्या दिवसांतले ते शिकारी. पाऊणशे पावलांच्या आत गेल्याखेरीज घोड्याला बोट लावायचे नाही, हा त्यांचा नियम. १९६१ सालच्या थंडीत त्यांनी तो एकदाच मोडला. दरीपलीकडच्या सोंडेवर एक सांबर उभे होते. मध्ये खोल दरी. तिकडे जाईपर्यंत ते थांबणार नव्हते. वडिलांनी गोळी झाडली. सांबर दचकले, वळले आणि झाडीत शिरले. दोन दिवस वडील आणि गावचा वाटाड्या माग काढीत हिंडले. रक्ताचे थेंब ओढ्यापर्यंत आले आणि तिथे संपले. तिसऱ्या दिवशी वडील घरी आले ते कोणाशी बोलले नाहीत.

ही हकीकत मी भाच्याला सांगितली. तो म्हणाला, "आजोबांच्या हाती ही साधनं असती, तर सांबर जागच्या जागी पडलं असतं. मग दुःख कशाचं राहिलं असतं?"

प्रश्न खरा होता. वडिलांची चूक नेमाची होती की अंतराची? याचे उत्तर मला त्या काडतुसाच्या नावामागे दडलेल्या इतिहासात सापडले. वाचकांना ते पटते का, पाहावे.

काडतूस २००७ मधले. पण क्रीडमोर हे नाव जुने आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १८७३ मध्ये नेमबाजीचे एक मैदान सुरू झाले, त्याचे ते नाव. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर १८७४ रोजी, तेथे अमेरिकन आणि आयरिश संघांचा सामना झाला. अंतरे ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश संघाच्या बंदुका तोंडाकडून ठासायच्या. अमेरिकनांच्या रेमिंग्टन आणि शार्प्स कारखान्यांत झालेल्या, मागून काडतूस भरायच्या. अमेरिकेने सामना जिंकला तो ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी. एका आयरिश नेमबाजाची गोळी निशाणाच्या अगदी मध्यावर बसली होती, पण निशाण शेजाऱ्याचे! गुण मिळाला शून्य. ती गोळी स्वतःच्या निशाणावर बसती, तर निकाल उलटा लागता. असल्या चुकीवर सगळ्यांनी हसावे आणि घरी जावे. लाकडाचे किंवा लोखंडाचे निशाण कोणाचे काय घेते?

पण त्याच शार्प्स बंदुका त्याच वर्षी पश्चिमेच्या गवताळ मैदानांत दुसरे काम करीत होत्या. तेथे बायसन राहत असे. अमेरिकन माणूस त्याला बफेलो म्हणतो, पण तो म्हैस नव्हे. खांद्यावर उंच वशिंड, मानेवर आयाळ आणि दाढी असलेला हा प्राणी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याची संख्या तीन कोटींच्या आसपास असावी, असा अंदाज केला जातो. कोमांची, कायोवा, शायन, लाकोटा या जमातींचे अन्न, वस्त्र, तंबू, दोर, सारे त्याच्याच अंगचे. त्यांचे शिकारी घोड्यावरून पळत्या कळपात घुसत आणि हाताच्या अंतरावरून बरगडीत बाण मारीत. घोडा अडखळला, की शिकारी खुरांखाली. मारणारा आणि मरणारा या दोघांनाही एकमेकांचा श्वास ऐकू येई.

१८७१ च्या सुमारास कातडी कमावणाऱ्यांना बायसनचे चामडे कारखान्यांच्या पट्ट्यांसाठी वापरण्याची युक्ती साधली. १८७२ मध्ये रेल्वे कॅन्ससमधल्या डॉज सिटीला पोहोचली. माल नेण्याची सोय झाली, गिऱ्हाईक मिळाले. उरले ते हत्यार. तेही त्याच सुमारास बाजारात आले : शार्प्सची अर्धा इंच व्यासाची, 'बिग फिफ्टी' म्हणून गाजलेली बंदूक. ती इतकी जड, की दोन काठ्यांची फुली बांधून तिच्यावर नळी टेकवावी लागे.

या शिकाऱ्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. बायसनची नजर मंद, नाक मात्र तीक्ष्ण. म्हणून शिकारी वाऱ्याच्या उलट बाजूने यायचा आणि दोन-तीनशे यार्डांवर पालथा पडायचा. आजच्या मानाने हे अंतर काही फार नव्हे; पण तेवढे पुरत होते. कळपाला वाट दाखविणारी म्हातारी मादी हेरून तो पहिली गोळी तिच्या फुप्फुसात घालायचा. ती पळायची नाही. जागीच उभी राहून नाकातोंडातून रक्त टाकायची. बाकीची जनावरे गोंधळून तिच्याभोवती जमायची, रक्त हुंगायची. आवाज कुठून तरी दुरून आलेला, धूर वाऱ्यावर गेलेला, माणसाचा वास नाही. कशापासून पळायचे आणि कोणत्या दिशेने? एखादे जनावर निघू लागले, की पुढची गोळी त्याला. नळी तापली, की शिकारी तिच्यावर पाणी ओतायचा आणि पुन्हा सुरू. कर्नल रिचर्ड डॉज या लष्करी अधिकाऱ्याने एकाच जागेवरून एकाच माणसाने मारलेली ११२ जनावरे स्वतः मोजली. सारी दोनशे यार्डांच्या अर्धवर्तुळात पडलेली. वेळ पाऊण तासाहून कमी.

माझ्या भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे, असे मला वाटते. या माणसाचा नेम चुकत नव्हता. चुकता, तर कळप उधळता आणि वाचता. नेम चुकला म्हणून बायसन संपला नाही. नेम लागत गेला म्हणून संपला. जनावराजवळ पळण्याचे, हुंगण्याचे, दचकण्याचे जे शहाणपण लाखो वर्षांत साठले होते, ते सारे जवळच्या शत्रूसाठी होते. अंतराने ते निरुपयोगी करून टाकले.

आता १८७४ सालाकडे पुन्हा येऊ. दक्षिणेकडच्या जमातींना १८६७ च्या तहाने आर्कान्सा नदीच्या दक्षिणेस शिकारीचा हक्क मिळाला होता. कॅन्ससमधले कळप संपल्यावर कातडीवाले ती नदी ओलांडून टेक्ससमध्ये शिरले. २७ जून १८७४ च्या पहाटे क्वाना पार्कर या तरुण कोमांची पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली कित्येकशे योद्ध्यांनी अॅडोबी वॉल्स येथल्या त्यांच्या ठाण्यावर हल्ला केला. आत अठ्ठावीस पुरुष आणि एक स्त्री. दूरवर मारणाऱ्या बंदुकांपुढे हल्ला फसला. दोन दिवसांनी दूरच्या टेकाडावर काही घोडेस्वार दिसले. बिली डिक्सन नावाच्या शिकाऱ्याने दुसऱ्याची शार्प्स मागून घेतली आणि गोळी झाडली. एक स्वार घोड्यावरून पडला. नंतर मोजलेले अंतर सांगतात ते १५३८ यार्ड. एवढे अंतर कापायला त्या गोळीला पाच सेकंदांच्या आसपास लागले असतील. डिक्सन स्वतः ती निव्वळ योगायोगाची गोळी म्हणत असे. पण लांबच्या नेमाच्या कथांमध्ये ती आजही पहिल्या पंक्तीला बसते. पडलेल्या माणसाचे नाव त्या कथांत नसते.

त्याच वर्षी बायसनच्या माद्यांना संरक्षण देणारे एक विधेयक अमेरिकन संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. अध्यक्ष ग्रँट यांनी सही केली नाही. कळप संपले, की जमाती आपोआप राखीव मुलखात येऊन बसतील, हा हिशेब अनेक अधिकाऱ्यांच्या मनात होता. हिशेब बरोबर ठरला. १८७५ च्या जूनमध्ये क्वाना आपल्या लोकांसह फोर्ट सिल येथे शरण आला. १८८३ नंतर उत्तरेकडचे कळपही उरले नाहीत. शार्प्स कंपनी त्याआधीच, १८८१ मध्ये, बंद पडली होती.

विल्यम हॉर्नडे हा प्राणिसंग्राहक आपल्याकडच्या अन्नमलईच्या रानांत गवे मारून गेलेला मनुष्य. १८८६ मध्ये तो वॉशिंग्टनच्या संग्रहालयासाठी बायसनचे नमुने आणायला माँटानात गेला, तेव्हा त्याला दिवसचे दिवस जनावर दिसेना. तो हादरला. १८८९ मध्ये त्याने गणती प्रसिद्ध केली : पाळलेले, राखलेले आणि रानात उरलेले मिळून १०९१. त्यानंतर या शिकाऱ्याने उरलेले आयुष्य बायसन जगविण्यात घालविले. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून त्याने पंधरा बायसन रेल्वेने ओक्लाहोमातल्या विचिटा डोंगरांकडे पाठविले.

ती गाडी आली, तेव्हा बायसन पाहायला जमलेल्या कोमांची मंडळींत क्वाना पार्कर होता. अॅडोबी वॉल्सला तेहतीस वर्षे झाली होती. ज्यांच्यासाठी तो लढला, ते लाकडी पेट्यांतून, मोजून पंधरा, परत येत होते. तरुण कोमांचींनी बायसन त्याआधी पाहिलाच नव्हता. आज अमेरिकेत बायसन पुन्हा लाखांनी मोजतात, जरी त्यांतले बहुतेक कुंपणातले आहेत. २०१६ मध्ये तो त्या देशाचा राष्ट्रीय सस्तन प्राणी ठरला.

शिकाऱ्यांनाही हे कळले नाही असे नव्हे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबचे आजचे मत असे, की अतिलांबून गोळी घालणे ही न्याय्य शिकार नव्हे. कारण जनावराला धोका ओळखण्याची संधीच उरत नाही. क्लब शिकाऱ्यांचाच आहे, हे ध्यानात घ्यावे. शिवाय यंत्रांनी वारा मोजला, तरी दीड सेकंदात जनावर टाकणार असलेले पाऊल कोणत्याही यंत्राला मोजता येत नाही. तेवढ्या एका पावलाने फुप्फुसाची जखम पोटाची होते, आणि मग हजार यार्ड चालत जाऊन माग काढायचा असतो. किती जण जातात?

हे सारे मी भाच्याला सांगितले. त्याने वाद घातला नाही. फोन खिशात टाकला आणि बराच वेळ समोरच्या अंधाराकडे पाहत बसला. मग म्हणाला,

"मामा, आजोबांना ते सांबर शेवटी सापडलंच नाही?"

"नाही," मी म्हटले. "पण ते दोन दिवस शोधत होते."