फुटलेला धूमकेतु कोणास दिसतो?

धूमकेतु फुटूं लागला तर तें पृथ्वीवरून दिसेल काय? या प्रश्नाचें उत्तर बीलाच्या धूमकेतूच्या चरित्रांत सांपडतें, आणि त्या चरित्रांतील एक प्रकरण हिंदुस्थानांत घडलेलें आहे.

इ. स. १८२६ मध्यें विल्हेल्म फॉन बीला या ऑस्ट्रियन सेनाधिकाऱ्यास हा धूमकेतु आढळला. सुमारें पावणेसात वर्षांनीं तो सूर्याजवळ परत येई. १८४६ च्या जानेवारींत दुर्बिणींतून पाहणारे चकित झाले. एकाचे दोन धूमकेतु झाले होते! १८५२ सालीं ही जोडी पुन्हां आली, तेव्हां दोहोंमध्यें सुमारें १५ लक्ष मैलांचें अंतर पडलें होतें. त्यानंतर ती कोणासहि दिसली नाहीं. धूमकेतु म्हणजे बर्फ व धूळ यांचा ठिसूळ गोळा. तो एकदां दुभंगला कीं त्याचा चुरा होण्यास वेळ लागत नाहीं.

१८७२ च्या २७ नोव्हेंबरच्या रात्रीं युरोपांत देवयानीच्या दिशेनें ताशीं हजारों उल्का पडल्या. तो चुरा हाच होता. गटिंगेनच्या क्लिंकरफ्यूस यांनीं तर्क केला कीं, धूमकेतु पृथ्वीस चाटून गेला असल्यास आतां तो विरुद्ध दिशेस, नरतुरंगांत, दिसला पाहिजे. तो भाग त्यांच्या क्षितिजाखालीं असल्यामुळें त्यांनीं मद्रास वेधशाळेच्या नॉर्मन पॉगसन यांस तार केली. डिसेंबरच्या आरंभीं दोन दिवस पॉगसन यांना तेथें खरोखरच एक धूमकेतु दिसला. मग ढगांनीं आकाश झांकलें. पुढें गणित पाहतां तो बीलाचा नसावा असेंच ठरलें, कारण बीलाचा धूमकेतु कित्येक आठवडे आधींच त्या स्थळावरून पुढें गेला असला पाहिजे.

नरतुरंगाचा तो भाग त्या दिवसांत खानदेशांतूनहि सूर्योदयापूर्वीं सुमारें दोन तास आग्नेयेस उगवतो. जळगांव व धुळें तेव्हां एकाच जिल्ह्यांत होतीं; परंतु तेथील पहांटे उठणाऱ्या शेतकऱ्यास नुसत्या डोळ्यांनीं तेथें कांहीं दिसणें शक्य नव्हतें. १८८२ चा महाधूमकेतु सर्वांस दिसला, तरी त्याच्या केंद्राचे तुकडे दुर्बिणीनेंच मोजावे लागले.

तात्पर्य, धूमकेतूचें फुटणें पाहण्यास दुर्बीण लागते. त्याची राख मात्र कोणासहि दिसते: बीलाची १८७२ नंतर १८८५ मध्येंहि दिसली, आणि त्यासाठीं मोकळ्या आकाशाखेरीज कशाचीच जरूर पडली नाहीं.