थ्रेड : वेड्यांच्या इस्पितळापासून शुभंकरापर्यंत

मांजरीहून मुळा-मुठेच्या काठाने प्रवाहाच्या उलट दिशेने निघाले, की मुंढवा मागे टाकून आपण येरवड्याला पोहोचतो. येरवडा म्हटले की इतिहासप्रेमींना तुरुंग आणि १९३२ चा पुणे करार आठवतो. आजचा विषय मात्र तेथील मनोरुग्णालयाशी निगडित आहे. घरात एखाद्याचे मन आजारी पडले, तर त्या घराने स्वतःच्या भावनांचे काय करावे, हे आपला समाज केव्हा आणि कोणाकडून शिकला?

आरंभ कायद्यापासून करावा लागेल. १८५८ मध्ये ब्रिटिश सरकारने वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला आणि १९१२ मध्ये 'इंडियन ल्युनसी ॲक्ट' आला. रुग्णाला दाखल करण्याचा मुख्य मार्ग दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाचा होता. हे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण आजारपणाचा निवाडा कोर्टातून होत असे. कुटुंबाने रुग्णाला आणून सोडायचे आणि परत जायचे. १९२० च्या दशकात 'असायलम' हे नाव जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' आले. कायदा मात्र तोच राहिला. त्याची जागा घेणारा १९८७ चा कायदा प्रत्यक्षात १९९३ मध्ये अमलात आला. म्हणजे टिळकांच्या काळातला कायदा उदारीकरणानंतरही चालूच होता!

या भिंतीला पहिली खिंड पडली ती अमृतसरला. १९५० च्या दशकात तेथील मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या मैदानात तंबू उभारले आणि नातेवाइकांना रुग्णांसोबत राहू दिले. आजार म्हणजे काय, रुग्णाशी कसे वागावे, हे ते नातेवाइकांना एकत्र बसवून समजावून सांगत. जागा अपुरी होती आणि माणसेही अपुरी होती. त्या अडचणीतून एक विचार जन्मला. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजानेही कुटुंबासह राहण्याची सोय केली.

त्याच सुमारास लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन हे समाजशास्त्रज्ञ एका कोड्याशी झुंजत होते. बरे होऊन घरी गेलेले स्किझोफ्रेनियाचे काही रुग्ण पुन्हा लवकर का आजारी पडतात? घरातील बोलण्याचा त्यांनी अभ्यास केला. जेथे सततची टीका, वैरभाव किंवा अतिकाळजी होती, तेथे आजार उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले. या निष्कर्षाचा पुढे पुष्कळ विपर्यास झाला. 'घरच्यांमुळेच आजार होतो' असा त्याचा अर्थ मुळीच नाही. दुपारी बारापर्यंत अंथरुणात पडून असलेल्या मुलाला वडील 'आळशी' म्हणतात, तेव्हा ती निरिच्छा हे आजाराचेच लक्षण आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. १९८० च्या दशकात चंदीगडमध्ये हीच तपासणी झाली, तेव्हा तेथील घरांत टीकेचे प्रमाण लंडनपेक्षा कमी निघाले.

आता पुन्हा येरवडा. डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यातील 'गर्द'च्या व्यसनावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. त्याचा कणा होत्या तेथेच काम करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट. व्यसनी पुरुषांवर उपचार करताना त्यांच्या पत्नींचा वेगळा गट उभा राहिला : 'सहचरी'. नवऱ्याच्या पिण्याची जबाबदारी आपली नाही, राग गिळणे हा संयम नव्हे, त्याला पाठीशी घालणे हे प्रेम नव्हे. असे धडे त्या एकमेकींच्या अनुभवांतून शिकल्या. माझ्या मते मराठी समाजाच्या इतिहासात या गटाला मिळायला हवे तितके स्थान मिळालेले नाही.

दुसरा धागा कॅनडातून आला. कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले, मूळचे धुळे जिल्ह्यातील डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' स्थापन केली. नातेवाइकांचे स्वमदतगट हे तिचे मुख्य कार्य. अशा गटांतून दोन सुंदर मराठी शब्द रुळले : रुग्ण तो 'शुभार्थी' आणि त्याची काळजी वाहणारा 'शुभंकर'. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) पाहिला असेल, तर आठवून पाहा : शेषइतकीच ती त्याच्या बहिणीचीही कथा आहे.

भावना हाताळण्याचे शास्त्र मराठीत आणण्याचे मोठे श्रेय कि. मो. फडके यांना जाते. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती त्यांनी येथे रुजवली. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपली समजूत उभी असते आणि ती तपासता येते, हे तिचे सूत्र. एलिस यांनी ते एपिक्टेटस या प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञाकडून घेतले होते. मनाला उपदेश करण्याची परंपरा आपल्याकडेही आहेच. समर्थांचे २०५ मनाचे श्लोक आपण लहानपणी पाठ करतो. मात्र परीक्षेत नापास झाल्यावर 'मी निरुपयोगी आहे' हे वाक्य कागदावर लिहून त्याचा पुरावा मागायचा, ही रीत वेगळी. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या 'आयपीएच'ने ती सामान्य वाचकापर्यंत नेली.

किशोरवयीनांपर्यंत हे सारे उशिरा पोहोचले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात शाळांसाठी दहा जीवनकौशल्ये मांडली. त्यांत 'भावनांशी जुळवून घेणे' हेही होते. त्याच दशकात अमेरिकेत मार्शा लिनेहान यांची कौशल्ये मुलांना शिकवताना पालकांनाही त्याच वर्गात बसवण्यात आले. भावनेला नाव देणे, अतितीव्र क्षणी चेहऱ्यावर गार पाणी घेणे, उच्छ्वास लांबवणे, समोरच्याची भावना आधी मान्य करून मगच मतभेद बोलणे, असा तो अभ्यासक्रम. भारतात २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठी जे समुपदेशन केंद्र असते, त्याचे नाव 'मैत्री'.

एक गट मात्र अजूनही दोन्हींच्या मधे पडतो : आजारी भावाच्या शेजारच्या खोलीत दहावीचा अभ्यास करणारी बहीण. ती रुग्ण नाही, आणि शुभंकरांच्या बैठकीला बहुधा आईवडीलच जातात. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर तिलाही, मराठीत, विनामूल्य बोलता येते.